कासवासाठी रडणाऱ्यांनो, भांडेवाडीला या

एका कासवाच्या नाकात शीतपेयाची नळी अडकली होती. २०१५ साली कोस्टारिकाच्या समुद्रात संशोधकांनी ती पकडीनं ओढून काढली, कासवाच्या नाकातून रक्त वाह्यलं, आणि तो व्हिडिओ जगभर फिरला. जगातल्या सगळ्या पांढरपेशांच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. शाळाशाळांतून निबंध झाले. २०२२ च्या जुलैत भारत सरकारनं प्लॅस्टिकच्या नळीवर बंदी घातली. चांगलं झालं. कासवाचं आम्हालाही दुःख आहे. ज्या बुद्धाला आम्ही सरण गेलो त्याची करुणा माणसापाशी येऊन थांबत नाही.

पण आमचा सवाल वेगळा आहे. नागपुरात समुद्र कुठाय? इथं झिरो माईलचा खांब आहे. देशाचा मध्य इथंच असं लोक मानतात. कुठल्याही बाजूनं निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. मग या पंचवीस-तीस लाखांच्या शहरात रोज जी पन्नी फेकली जाते, जो चिप्सचा पाकीट, गुटख्याची पुडी, शाम्पूची चपटी पुडी, दुधाची पिशवी फेकली जाते, ती जाते कुठं? ती कासवाच्या नाकात जात नाही. ती जमिनीत जाते. आणि जमीन म्हटली की या देशात लगेच दुसरा सवाल येतो: कोणाची जमीन?

पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा झाला की शास्त्रवाले त्याला मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात. हा शब्द २००४ साली रिचर्ड थॉम्पसन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाच्या लेखानं रूढ केला आणि तो लेखही समुद्राचाच होता. मातीत हे काय करतं, असं जर्मनीतल्या मथियास रिलिगनं ठळकपणे विचारलं ते २०१२ साली. म्हणजे पाण्यातून नजर काढून मातीकडे पाहायला विद्वानांना आठ वर्षं लागली. २०१७ साली काही संशोधकांनी अंदाज मांडला की समुद्रात जेवढं प्लॅस्टिक जातं त्याच्या ४ ते २३ पट जमिनीवर पडतं. तरी पोस्टरवर कासवच. माती दिसायला सुंदर नाही, आणि मातीत हात घालणारा तर त्याहून नाही.

नागपूरचा उतार आधी समजून घ्या. शहर पश्चिमेकडून पूर्वेला उतरतं. लाव्याच्या टेकड्यांकडून नाग नदी निघते, अंबाझरी तलावापाशी शहरात शिरते, बड्या वस्त्यांच्या मागून वाहते, सीताबर्डी ओलांडते, मग महाल, मग पूर्व नागपूर. आता कचऱ्याची गाडी पाहा. तीही तशीच चालते. धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्सचा कचरा उचलते आणि पूर्वेला भांडेवाडीत नेऊन उलटवते. नदीला उतार निसर्गानं दिला. गाडीला कोणी दिला? जुन्या खेड्यात महारवाडा कुठं असायचा ते आठवा: गावकुसाबाहेर, वाऱ्याच्या आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला. महानगरपालिकेनं मनुस्मृती वाचून डम्पिंग यार्डची जागा ठरवली असं मी म्हणत नाही. वाचायची गरजच पडली नाही, ती हाडात आहे.

लोक म्हणतात, कचरा भांडेवाडीला गेला म्हणजे गेला. हीच तर लबाडी आहे. प्लॅस्टिक कुठंच जात नाही, ते बारीक होतं आणि चालायला लागतं. जेवढं बारीक तेवढं लांब चालतं. आणि ते कसं चालतं हे समजायला मॅट्रिकच्या वर शिकायची गरज नाही. मी मॅट्रिकच आहे, मला समजलं, तुम्हालाही समजेल.

पहिलं ऊन. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५-४६ अंशांवर जातो, कधी त्याच्याही वर. उघड्यावर पडलेली पन्नी या उन्हात कडक होते. उन्हातले अतिनील किरण तिच्या आतल्या साखळ्या तोडतात. हातात घेतली की पापडासारखी तुटते. तिच्यावरून गाडीचं चाक जातं, डुकराचा खूर पडतो, वेचणाऱ्या बाईची चप्पल पडते, आणि एका पन्नीचे हजारो तुकडे होतात. तीच पन्नी मातीखाली गाडली तर ऊन नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच राहते. म्हणजे उघडी ठेवली तर भुगा, गाडली तर वारसा. दोन्हीकडून आपलंच मरण.

दुसरा वारा. तो भुगा वावटळीबरोबर उठतो. फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतात, जिथं आसपास मोठं शहर नाही, तिथं संशोधकांनी पाच महिने हवेतून पडणारी धूळ गोळा केली. २०१९ साली त्यांनी छापलं: दर चौरस मीटरला रोज सरासरी ३६५ कण. हे कण ९५ किलोमीटर लांबून आलेले असू शकतात असं त्यांनी वाऱ्याच्या हिशेबानं काढलं. हे डोंगरावरचं. मग डम्पिंग यार्डाच्या भिंतीला लागून ज्यांची झोपडी आहे, ज्यांच्या दोरीवर कपडे वाळतात, ज्यांचं पाण्याचं पिंप उघडं आहे, त्यांच्या चौरस मीटरचं काय? उन्हाळ्यात भांडेवाडीच्या ढिगाला पुन्हापुन्हा आग लागते. आगीनं प्लॅस्टिक संपतं असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. मोठमोठ्या जाळभट्ट्यांच्या राखेतसुद्धा मायक्रोप्लॅस्टिक सापडलं आहे. इथली आग तर अर्धवट, धुमसणारी. विष हवेत, उरलेलं राखेत, राख पुन्हा वाऱ्यावर.

आता रस्ता. नागपूरचे सिमेंटचे रस्ते सगळ्या देशाला दाखवतात. त्यावरून धावणारे टायर झिजतात, आणि टायर म्हणजे नुसता रबराच्या झाडाचा चीक नव्हे, त्यात निम्माशिम्मा पेट्रोलियमपासून बनवलेला कृत्रिम रबर असतो. जगभरात दरसाल सुमारे ६० लाख टन टायर असा झिजून धूळ होतो, असा एक अंदाज आहे. ही काळी धूळ रस्त्याच्या कडेला बसते. पहाटे पाच वाजता ती कोण झाडतं? हातात खराटा, तोंडावर पदर. पेशवाईत पुण्याच्या अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून चालावं लागे, आपल्या पायाची धूळ आपणच पुसत जावी म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये याची नोंद केली आहे. आज झाडू कमरेवरून हातात आला. पण धूळ कोणाची? तेव्हा निदान आपल्याच पायाची होती. आता दुसऱ्याच्या चारचाकीची आहे, आणि ती छातीत जाते.

आता पाणी. हे सगळ्यात चलाख. घराघरांत कपडे धुतले जातात. हा कापसाचा मुलूख, एम्प्रेस मिल इथं १८७७ ला सुरू झाली, आपल्या किती आज्या-आजोबांनी तिथं सूत कातलं. मिल बंद पडून वीस वर्षं उलटली. शेतकरी आजही कापूस पिकवतो, त्या कापसाच्या भावासाठी फास घेतो, आणि फास घेताना त्याच्या अंगावर पॉलिएस्टरचा शर्ट असतो, कारण सुती परवडत नाही. २०१६ साली इंग्लंडमध्ये मोजलं, तर सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त तंतू सुटले. हे तंतू नालीत, नालीतून गटारात, गटारातून एक तर थेट नाग नदीत, नाही तर सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्रात.

इथं जरा थांबतो, कारण इथं मला सगळ्यात मोठी गंमत दिसते. सांडपाणी केंद्रही भांडेवाडीलाच आहे. तिथलं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, याचं देशभर कौतुक झालं. अशा केंद्रात पाण्यातलं ९० टक्क्यांच्या वर मायक्रोप्लॅस्टिक अडतं, हे खरं आहे, जगभरच्या मोजण्यांनी सिद्ध आहे. पण अडतं म्हणजे काय होतं? ते गाळात बसतं. पाणी शुद्ध झालं कारण गाळ अशुद्ध झाला. मग गाळाचं काय करायचं? जगभर तो खत म्हणून वावरात टाकतात. एकट्या युरोपच्या शेतांत असं दरसाल ६३ हजार ते ४ लाख ३० हजार टन मायक्रोप्लॅस्टिक जात असावं, असा अंदाज २०१६ साली मांडला गेला. शहराच्या ओल्या कचऱ्याच्या कंपोस्टचंही तेच. जर्मनीत २०१८ साली तपासलं तेव्हा कंपोस्ट हेच मातीत प्लॅस्टिक नेणारं वाहन निघालं. आणि जर्मन लोक तर कचरा वेगळा करतात म्हणे. आपल्याकडे ओला-सुका एकाच गाडीत कसा कालवला जातो ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

या यंत्राची रीत आम्हाला ओळखीची आहे. एकाचं सोवळं टिकवायला दुसऱ्याला ओवळं करायचं. ब्राह्मणवाड्यातली विहीर शुद्ध राहायची, कारण घाण उचलणारी एक जातच बाजूला काढलेली होती. त्या घाणीला सोनखत म्हणायचे. नाव काय सुंदर! सोनं शेतमालकाला, खत आमच्या डोक्यावर. आता सोनखतात पॉलिएस्टर आलं, एवढाच विकास.

नाग नदी पुढं कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण. १९८८ साली राजीव गांधींनी पायाभरणी केली होती. नागपूरची घाण त्या धरणात साचते हे आता सरकारही नाकारत नाही. नाग नदीच्या शुद्धीकरणाची दोन हजार कोटींच्या घरातली योजना त्याच्यासाठीच मंजूर झाली. धरणातून कालवे निघतात आणि भंडारा-चंद्रपूरच्या धानाच्या बांध्यांत पाणी सोडतात. म्हणजे धरमपेठेच्या वॉशिंग मशीनमधला तंतू पवनीच्या धानाच्या चिखलात. त्या चिखलात वाकून रोवणी कोण करतं? कोणाच्या बाया गुडघाभर पाण्यात दिवसभर? आणि त्या धरणात जाळं टाकणारा ढिवर, ज्याची नदीच पाण्याखाली गेली, तो कोणत्या व्हिडिओत आहे?

पूर आला तर हा सगळा माल एका रात्रीत उठतो. इंग्लंडात मँचेस्टरच्या आसपासच्या नद्यांचे तळ पुराआधी आणि पुरानंतर मोजले; २०१८ ला छापून आलं की तळात बसलेलं सुमारे ७० टक्के मायक्रोप्लॅस्टिक पुरानं उचलून नेलं. नागपूरला २०२३ च्या सप्टेंबरात, २२ च्या रात्री आणि २३ च्या पहाटे, चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. त्या दिवशी अंबाझरी लेआउटच्या बंगल्यांत चिखल गेला. सोफ्यावर, फ्रीजमध्ये, देवघरात. पेपरात पानंच्या पानं. मी म्हणतो, दुःख खरंच होतं, माणसं मेली त्यात. पण तो चिखल उपसायला कोण गेलं? फावडं घेऊन कोण उतरलं? आणि उपसलेला चिखल ट्रकात भरून कुठल्या दिशेला गेला, ते सांगायला पाहिजे का?

आता जमिनीच्या आतलं. आपली काळी माती, कन्हार. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की लहान पोराचा पाय आत जावा. पहिला पाऊस पडला की वरचं सगळं त्या भेगांतून खाली. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं असं होत राहिलं की कण खोल सरकत जातात, हे प्रयोगशाळेत वाळूच्या नळकांड्यातही दिसलं आहे. आणि गांडूळ! शेतकऱ्याचा मित्र म्हणून शाळेत शिकलो तो. जर्मनीत २०१७ साली मातीच्या भांड्यात वर प्लॅस्टिकचे कण टाकले आणि गांडुळं सोडली. गांडुळांनी कण खाली नेले. काही अंगाला चिकटून, काही पोटातून. सगळ्यात बारीक कण सगळ्यात खोल गेले. बिचाऱ्याला काय माहीत आपण काय वाहतोय. हमाल आहे तो, माल कोणाचा हे हमालाला विचारत नाहीत.

त्याच साली मेक्सिकोतल्या काम्पेचेच्या गरीब खेड्यांचा अभ्यास आला. तिथं कचरा न्यायला गाडी येत नाही. लोक परसात कचरा जाळतात, पुरतात. संशोधकांनी परसातली माती तपासली, गांडुळाची विष्ठा तपासली, कोंबडीची विष्ठा तपासली. मातीपेक्षा गांडुळात जास्त, गांडुळापेक्षा कोंबडीत जास्त. कोंबडीच्या पेटीतही प्लॅस्टिक. आणि पेटी तर माणसं खातात. आपल्याकडेही आवडीनं खातात. रविवारी आमच्या वस्तीत पेटी-कलेजीला रांग लागते, कारण मांस महाग आणि पेटी स्वस्त. शिडी वर चढत जाते, पण तिची वरची पायरी श्रीमंताच्या ताटाशीच संपते असं नाही.

झाडाचं म्हणाल तर गहू आणि सॅलडच्या पानांवर २०२० साली चीनमध्ये प्रयोग झाला. मुळाला जिथं फांदी फुटते तिथं बारीक फट पडते, त्या फटीतून अतिसूक्ष्म कण आत शिरतात आणि पाण्याबरोबर वर चढतात. आमच्याकडे मिरचीला, टरबुजाला आता मल्चिंगचा कागद अंथरतात. नाव कागद, असतं प्लॅस्टिक. संत्र्याच्या बागेत ड्रिपच्या नळ्या. हंगाम संपला की फाटकं मल्चिंग कोण गोळा करणार? मजूर लावायचा तर मजुरी पडते. रोटाव्हेटर फिरवला की झालं, वर काही दिसत नाही. मजुरी वाचवून शेतकरी श्रीमंत झाला असंही नाही, कंपनी झाली.

कंपनीचा विषय निघाला तर माझ्या धंद्याचं सांगतो. मी समुद्र नसलेल्या गावातला डॉक कामगार. हसू नका. नागपुरात ड्राय पोर्ट आहे, न्हावा-शेव्याहून रेल्वेनं कंटेनर येतात, डॉकला लागतात, आम्ही खाली करतो. त्यात प्लॅस्टिकचा दाणा येतो. पंचवीस किलोचं पोतं. दाणा दोन ते पाच मिलिमीटरचा, म्हणजे हा जन्मतःच मायक्रोप्लॅस्टिक, याला उन्हात तडकायचीही गरज नाही. एका दाण्याचं वजन पंचवीस मिलिग्रॅमच्या आसपास धरलं तर एका पोत्यात दहा लाख दाणे. आता थप्पी ओढायची म्हणजे हूक मारावा लागतो. हूक मारला की कधी ना कधी पोतं फाटतं. मुकादम ओरडतो, ‘काहून बे, पोतं फाडलं! रोजी कापू का?’ आणि कापतोही. पण सांडलेल्या दाण्याचं काय? झाडून कडेला. कडेला नाली. नालीतून पावसाबरोबर पुढं. फाटलेल्या पोत्याची किंमत आमच्या रोजीतून वसूल होते, सांडलेल्या दाण्याची किंमत कोणाच्याच रोजीतून होत नाही. वहीत त्याला ‘घट’ म्हणतात.

समुद्रात हेच झालं की जगाला कळतं. २०२१ च्या जूनमध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाज जळून बुडालं, सुमारे १,६८० टन दाणा किनाऱ्याकिनाऱ्यानं पसरला. २०२५ च्या मे महिन्यात केरळजवळ एमएससी एल्सा-३ बुडालं, तेव्हाही किनाऱ्यावर दाण्याचा सडा. टीव्हीवाले गेले, मंत्री गेले, लोक सुपानं-चाळणीनं दाणे वेचू लागले. जमिनीवर जहाज बुडत नाही. इथं ते रोज पोत्यापोत्यानं सांडतं, म्हणून बातमी होत नाही.

महाराष्ट्र सरकारनं २०१८ साली प्लॅस्टिक बंदी केली. २३ मार्चला अधिसूचना, २३ जूनपासून दंड. पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिने जेल. कोणाला? बर्डीवरच्या भाजीवालीला, चणे-फुटाण्याच्या ठेल्याला. तिची दिवसाची कमाई किती आणि दंड किती! कारखान्यातच पॅक होऊन येणाऱ्या मालाच्या वेष्टनाला मात्र सूट. म्हणजे बिस्किटाचा पाकीट कायदेशीर, शेवफुटाण्याची पन्नी गुन्हा. मी पन्नीची वकिली करत नाही. पन्नी बंदच व्हायला पाहिजे. पण नळ सुरू ठेवून फरशी पुसायला लावायची, आणि फरशी ओली दिसली म्हणून पुसणाऱ्यालाच मारायचं, ही कोणती रीत? १९५० ते २०१५ या काळात जगानं ८३० कोटी टन प्लॅस्टिक तयार केलं. त्यातून कचरा झालेल्यातलं फक्त ९ टक्के पुन्हा वापरात आलं. आता दरसाल ४० कोटी टनांच्या वर तयार होतं. हा नळ बंद करायचा करार व्हावा म्हणून देशोदेशीचे प्रतिनिधी २०२४ ला बुसानला बसले, २०२५ च्या ऑगस्टात जिनिव्हाला बसले. करार झाला नाही. तेलवाले देश उत्पादनावर मर्यादा नको म्हणाले. आपला भारतही उत्पादनावर बंधन घालायच्या बाजूनं नव्हता. भाजीवालीला जेल आणि कारखान्याला मोकळं रान, हे धोरण नागपुरापासून जिनिव्हापर्यंत एकच आहे.

आता घरातली गोष्ट बोलतो, काहींना आवडणार नाही. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात. दुसऱ्या दिवशी मैदान पाहा. पाण्याचे पाऊच, थर्माकोलच्या ताटल्या, पन्न्या. शहरातली सोज्ज्वळ मंडळी नाक मुरडतात, ‘बघा, यांना स्वच्छता नाही.’ त्यांना उत्तर साधं आहे: लाखो माणसं शिदोरी बांधून, रेल्वेच्या दारात लोंबकळून येतात, त्यांना नळाला भरपूर पाणी दिलं असतं तर पाऊच कोण घेतं? पण त्यांना उत्तर दिलं म्हणून आपला सवाल मिटत नाही. १९२७ ला महाडला आपण कशासाठी गेलो? ओंजळीनं तळ्याचं पाणी प्यायला. तो हक्क फिरून फिरून एका प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये आला आणि आपण तो दातानं फाडून पितो. बंद बाटल्यांचं पाणी २०१८ साली नऊ देशांत तपासलं, त्यात भारतही होता. २५९ बाटल्यांतल्या ९३ टक्के बाटल्यांत मायक्रोप्लॅस्टिक निघालं. दानशूर पुढारी पाऊचवर आपला फोटो छापून वाटतात. फोटोवाल्या दात्यांनो, माठ वाटा. रांजण भरून ठेवा, स्टीलचे पेले ठेवा, पेले धुवायला पोरं आम्ही देतो. आणि महानगरपालिकेच्या दारात बसा, नळ मागा.

माणसाच्या आत काय झालं तेही सांगतो, भीती घालायला नाही. नेदरलँडमध्ये २०२२ साली २२ निरोगी माणसांचं रक्त तपासलं, १७ जणांत प्लॅस्टिक. इटलीत बाळंतिणीच्या वारेत कण सापडले. इटलीतच मानेच्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन झालेल्या २५७ रोग्यांचा अभ्यास २०२४ ला आला. ५८ टक्के लोकांच्या नसेतल्या चरबीत प्लॅस्टिक होतं, आणि पुढच्या तीनेक वर्षांत हार्ट अटॅक, लकवा किंवा मरण यांचा धोका त्यांना साडेचार पट निघाला. प्लॅस्टिकमुळेच मेले असं यातून सिद्ध होत नाही. डॉक्टर स्वतःच तसं म्हणतात. पण नोंद तर झाली. तिथं रोग्याचं नाव-गाव लिहून, परवानगी घेऊन, नस कापून पाहतात. इथं ढिगावर वीस वर्षं पन्नी वेचणाऱ्या बाईला खोकला आला तर डॉक्टर टीबीचं औषध देतो आणि पुढचा नंबर पुकारतो.

राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, नीरी, याच शहरात आहे, १९५८ पासून. भांडेवाडीपासून काही किलोमीटर. आमची मागणी त्यांच्याकडेही आहे आणि महानगरपालिकेकडेही. ढिगाभोवतालच्या वस्त्यांची माती, बोअरचं पाणी, हवेतली धूळ दर हंगामाला मोजा आणि आकडे मराठीत वस्तीच्या चौकात फळ्यावर लिहा. जुना ढीग चाळून जी बारीक माती निघते ती कुठल्या वावरात, कुठल्या प्लॉटच्या भरावात जाते त्याची ट्रकनिहाय नोंद उघड करा. कंपोस्ट तपासल्याशिवाय शेतकऱ्याला विकू नका. वेचणाऱ्या बायांना आणि सफाई कामगारांना ठेकेदाराच्या तावडीतून सोडवून कायम करा. मास्क आणि तपासणी कायम माणसालाच मिळते, रोजंदारीवाल्याला फोटोपुरती मिळते. आणि दाण्याचा धंदा करणाऱ्यांनी डॉकच्या नालीला जाळी बसवावी, सांडलेला दाणा तोलून वहीत लिहावा. जाळीला पैसा लागतो किती? आमच्या एका आठवड्याच्या कापलेल्या रोजीइतका.

हे सगळं ते करतील तेव्हा करतील. तोवर आपण काय करायचं ते सांगतो, फार सोपं आहे. जमिनीतली मूठभर माती घ्या, उन्हात वाळवा, ढेकळं फोडा, पिठाच्या चाळणीतून नव्हे, जरा मोठ्या छिद्राच्या चाळणीतून चाळा. काचेच्या बरणीत पाणी घ्या आणि मीठ विरघळायचं थांबेपर्यंत मीठ टाका. त्यात माती टाकून ढवळा आणि रातभर ठेवा. माती खाली बसते. पन्नीचं, पोत्याचं, थर्माकोलचं प्लॅस्टिक वर तरंगतं. पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक जड असतं, ते या पाण्यात बुडतं, म्हणून जे दिसेल ते कमीच दिसेल हे ध्यानात ठेवा. काडीकचराही तरंगतो, संशय आला तर सुई तापवून लावा, प्लॅस्टिक असेल तर वितळून आकसतं, काडी असेल तर करपते. पांढऱ्या फडक्यातून गाळा आणि मोजा. माती कुठली, तारीख कोणती, कण किती, हे वहीत लिहा.

आमच्या वस्तीतली तीन पोरं आणि मी मृगाच्या आधी भांडेवाडीपासून नाग नदीच्या काठाकाठानं दहा जागची माती घेणार आहोत, आणि पाऊस उघडल्यावर पुन्हा त्याच दहा जागची. आकडे याच अंकाच्या पत्त्यावर येतील. ज्यांना यायचं त्यांनी संपादकांकडं नाव द्यावं. मीठ आम्ही आणतो, बरण्या घरून आणा. काचेच्या.

जयभीम.